अठरा इंच खांदा

जैतुनबीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. द्वारका चौकामागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, पुढे शटर, मागे पडदा आणि पडद्याआड घर. वीस वर्षांपूर्वी ब्लाऊज शिवून नेलेली बाई पुन्हा दारात उभी राहिली तर जैतुनबी तिला नाव विचारते, पण खांद्याला टेप लावत नाही. कंबर तेवढी पुन्हा मोजते. कंबर बदलते, म्हणते, खांदा माणसाबरोबर जातो.

ती मूळची मालेगावची. वडील पॉवरलूमवर कामाला होते, घरात कापडाचा वास होता आणि अंगावर मात्र मोठ्या बहिणीचं उतरलेलं. जुने कपडे उसवून, शिवण कशी गेली आहे ते बघत बघत ती शिवणकाम शिकली. लग्न होऊन नाशकात आली. नवरा, शफी, टेम्पो चालवायचा. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून मशीन, ती आणि भरतकाम केलेल्या खोळीत ठेवलेली एक दहा इंची कात्री. तिने शाळांचे गणवेश शिवले, पोलीस लाइनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, नवरात्रात गरब्याचे घागरे शिवले. बुरखे किती शिवले याचा तिला अंदाज नाही. तिच्या हातचं काहीतरी अंगात घालून या शहरातल्या शेकडो बायका रोज रस्ता ओलांडतात आणि तिला कोणी ओळखत नाही. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते गेल्या ऑगस्टमध्ये, आणि ते कशावरून, हे सांगण्यासारखं आहे.

तिच्या मुलीची मुलगी कशिश मालेगावहून शिकायला नाशकात आली आणि आजीजवळ राहते. कॉलेजात ती सिनेमा, कॅमेरा असलं काही शिकते. तिसऱ्या वर्षाला चौघा-चौघांच्या गटाने पंधरा मिनिटांचा थ्रिलर करायचा होता. कशिशच्या गटात घोटीचा अमोल, गंगापूर रोडची वेदिका आणि मनमाडचा एक अबोल मुलगा होता. कॅमेरा कशिशकडे. दोन वर्षं ती बाकीच्यांचे ट्रायपॉड उचलत होती, आता पहिल्यांदा भिंगाच्या मागे तिचा डोळा असणार होता.

गोष्ट अमोलची. कॉलेजात एक खून होतो. खुनी सगळ्यांसमोर वावरतो आणि कोणाला दिसत नाही. वेदिकेने विचारलं, सगळ्यांसमोर वावरतो तर दिसत कसा नाही? अमोल म्हणाला, बुरखा. शेवटच्या मिनिटाला बुरखा वर होतो, आत आपलाच दोस्त. सगळ्यांना एकदम पटलं. मग तिघांनी कशिशकडे पाहिलं. इतकी सभ्यता त्यांच्यात होती. कशिश म्हणाली, चालेल.

हा एक शब्द उच्चारायला तिला किती वेळ लागला हे कोणी मोजलं नाही. तिने नंतर आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तीन वर्षांत प्रत्येक वेळी तिलाच नको म्हणावं लागलं आहे. पोस्टरवरच्या चित्राला नको, नाटकातल्या संवादाला नको. आता नको म्हटलं तर लोक म्हणणार, हिचं नेहमीचंच आहे, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात जाईल. हे ती रडून सांगत नव्हती, नळ आला की पाणी भरायचं असतं तसं सांगत होती. हे लिहिताना मला त्याचाच जास्त संताप येतो.

पण कशिशने आजीला हे सांगण्याआधीच अमोल आणि वेदिका दुकानात येऊन गेले होते. कशिशला न सांगता आले. पाच मीटर काळं कापड आणि चिठ्ठीवर माप. वेदिका म्हणाली, मैत्रिणीसाठी बुरखा शिवायचा आहे, शुक्रवारपर्यंत. जैतुनबीने चिठ्ठी वाचली. खांदा अठरा, छाती बेचाळीस, उंची बासष्ट. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही मैत्रीण दाढी करते का?"

अमोल हसला. पोरगा वाईट नव्हता, पकडला गेल्याचाही त्याला आनंद झाला. तो उत्साहाने सगळी गोष्ट सांगत सुटला, बुरखा कसा वर होतो ते हाताने दाखवलं. जैतुनबीने मध्ये एकच विचारलं, कशिशला माहीत आहे का. वेदिका म्हणाली, हो मावशी, तिला विचारूनच ठरवलं. जैतुनबीने कापड घडी करून फळीवर ठेवलं आणि शुक्रवारी बघू म्हणाली.

तिने कापडाला कात्री लावली नाही. संध्याकाळी कशिशने "चालेल"ची हकिगत सांगितली, तेव्हा जैतुनबीने नातीला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त सकाळी विचारलं, तुमचे सर शुक्रवारी कधी असतात.

शुक्रवारी तिने पिशवीत कापड टाकलं, चिठ्ठी टाकली आणि सवयीने कात्री टाकली. वेदिकेचं माप घेऊन, चिठ्ठीतलं माप बाईचं नाही हे तिथल्या तिथे दाखवावं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. अंगात बुरखा, चेहरा उघडा, हातात पिशवी. सिटी बसने कॉलेजच्या गेटवर उतरली. गेटवर धोंडीराम नावाचा वॉचमन होता. त्याने हात आडवा केला.

कोणाला भेटायचं, का भेटायचं, फोन करून बोलवा, आधार कार्ड दाखवा, पिशवी उघडा. नातीचा फोन वर्गात बंद. जैतुनबी टेबलाजवळ उभी राहिली. तिच्या बाजूने पोरंपोरी आत जात होती, पाठीवर सॅक, हातात हेल्मेट, कानात तारा. कोणाची सॅक उघडली गेली नाही. वीस मिनिटांनी ऑफिसातून होकार आला. धोंडीरामने कात्री काढून घेतली. आत अशी वस्तू नेता येत नाही म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला सांगितलेलं काम तो करत होता. ही माणसं कधीच आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांच्याविरुद्ध काही लिहून देता येत नाही.

वर्गात दीपक सर शिकवत होते. तिशीचा माणूस, विषयावर प्रेम असलेला. थ्रिलरमध्ये प्रेक्षकाची नजर चुकीच्या ठिकाणी खिळवून ठेवायची असते, हे त्याने फळ्यावर रेघा ओढून समजावलं होतं. डाव्या बाजूला लिहिलं होतं, संशय: बुरख्यातली बाई. उजव्या बाजूला, खुनी: अमोल. दोन्हींच्या मध्ये बाण. दार वाजलं आणि दारात जैतुनबी उभी. क्षणभर सगळे फळ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. अबोल मुलगा उठला आणि त्याने फळ्यासमोर उभं राहायचा प्रयत्न केला, पण तो बारीक होता.

सरांनी तिला खुर्ची दिली. तिने कापड टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे काम तिच्याने होणार नाही. सर समजुतीने बोलले. म्हणाले, आजी, हा या प्रकारच्या सिनेमाचा नियमच आहे, प्रेक्षकाला फसवावं लागतं. शेवटी आत अमोल निघतो, म्हणजे उलट त्या बाईवरचा संशय पुसलाच जातो.

"सिनेमा किती वेळाचा?" जैतुनबीने विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"त्यात खुनी कोण आहे ते कधी कळतं?"

"शेवटच्या मिनिटाला."

"म्हणजे चौदा मिनिटं मी आणि एक मिनिट हा पोरगा." तिने अमोलकडे बोट केलं. "घरी जाताना लोक काय घेऊन जातील? रिक्षात माझ्या शेजारी बसताना त्यांना हा आठवेल का मी?"

सर म्हणाले, मुद्दा चांगला आहे. चांगला मुद्दा आहे असं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही, हे शिकलेल्या माणसांना माहीत असतं. वेदिका म्हणाली, पण मावशी, आमचा हेतू तसा नव्हता. जैतुनबी तिला काही उत्तर देणार तोच तिची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे वर्तमानपत्रावर विळा ठेवला होता. भात कापायचा विळा, लाकडी मूठ हातांनी काळी पडलेली, पातं नुकतं पाजळलेलं. खुनाचं हत्यार म्हणून सरांना दाखवायला अमोलने तो घोटीहून, घरून आणला होता.

"हा कोणी आणला?"

"मी," अमोल म्हणाला.

"कसा आणलास?"

"सॅकमध्ये."

"गेटवर दाखवलास?"

अमोलला प्रश्नच कळला नाही. "आम्हाला कोण विचारतं मावशी," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळला.

"माझी कात्री गेटवर आहे," जैतुनबी म्हणाली. "तीस वर्षांची कात्री. आणि हा इथे. फळ्यावर बाण काढायची काय गरज? तुमचा सिनेमा खाली गेटवर चालूच आहे, कोणी बघायला जात नाही एवढंच."

वर्गात चाळीस मुलं होती आणि प्रत्येकाची सॅक प्रत्येकाच्या पायाशी होती. मग मागच्या बाकावरून कशिश उठली. ती आजीकडे गेली नाही, फळ्याकडे गेली. डस्टर सापडेना, तिने ओढणीने डावी बाजू पुसली.

"सर, मी चालेल म्हटलं होतं. मला ते चालत नव्हतं. कॅमेरा दुसऱ्याला द्यायचा तर आजच द्या, पण मी असताना खुनी बुरख्यात नसेल."

तिची ओढणी खडूने पांढरी झाली होती. माफी कोणीच मागितली नाही. सर म्हणाले सोमवारी बसून ठरवू. वेदिका बाकावरच्या रेघोट्या बघत होती. अमोलने विळा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मग तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

दोघी खाली आल्या. धोंडीराम कात्री वापरत होता. गेटवर रक्तदान शिबिराची पत्रकं लावायची होती, जाड कागदाचे मोठे ताव आणि एकेका तावावर चार-चार पत्रकं छापलेली. त्याने निम्मा गठ्ठा कापून संपवला होता. छान चालते मावशी, असं म्हणून त्याने कात्री मूठ पुढे करून तिच्या हातात दिली.

शिवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार जाते, आणि गेलेली धार पाजळून येते पण ती आधीची नसते. शफीने आयुष्यात या कात्रीला हात लावला नव्हता. कशिश लहानपणी एकदा या कात्रीने पतंगाचा कागद कापायला गेली तेव्हा तिला मिळालेली चापट तिला अजून आठवते. गेटवर वीस मिनिटं उभी राहूनही डोळे कोरडे ठेवलेली ही बाई आता रडत होती. धोंडीराम गोंधळला. त्याने खरंच काही वाईट मनात आणलं नव्हतं. मला आता त्या दिवशीच्या सगळ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं याचाच कंटाळा आला आहे.

सोमवारी कॅमेरा कशिशकडेच राहिला. सर प्रामाणिक निघाले, त्यांनी गटाला सांगितलं की नजर चुकवायची तर गेटवरूनच चुकवा. नवी गोष्ट अशी ठरली: वॉचमन एका बाईची पिशवी तपासत राहतो, प्रेक्षकही तिच्या पिशवीकडे बघत राहतो, आणि तिच्या मागून खुनी सॅक घेऊन उघड्या चेहऱ्याने आत जातो. बाई कोण, हे शेवटी कळतं. ती दर्जी आहे, कपडा द्यायला आली आहे. अमोल दुकानात विचारायला आला की मावशी, तुम्हीच ती बाई कराल का. जैतुनबी म्हणाली, एकदा केलंय मी ते. मग वेदिका करेल असं ठरलं. जैतुनबीने तिला आपला जुना बुरखा आणि नकाब दिला, खांद्याला दोन चिमट्या घेऊन तो अरुंद केला, कारण वेदिकेचा खांदा साडेतेरा.

अमोलने परत आणलेल्या त्या काळ्या कापडाचा तिने त्याला शर्ट शिवला. खांदा आणि छातीचं माप तेच, चिठ्ठीवरचं. शर्टाचंच माप होतं ते. कॉलरजवळ कापड चावल्यासारखं झालं होतं. अमोलने विचारलं, हे सरळ नाही का करता येणार. ती म्हणाली, कागद कापलेल्या कात्रीने असंच कापतं, राहू दे.

शूटिंग सकाळी अकराला. कशिश रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर कॅमेरा लावून बसली होती. धोंडीरामची परवानगी घ्यायची, त्याला काय करायचं ते समजवायचं, म्हणून अबोल मुलगा त्याच्याकडे निघाला होता. वेदिकेला कशिशची खूण नीट कळली नाही, ती आधीच निघाली. तीन वर्षं ती रोज या गेटमधून जाते. दिवाळीला धोंडीरामच्या मुलांना फराळ देते. तो तिला ताई म्हणतो.

त्याने हात आडवा केला. कोणाला भेटायचं, पिशवी उघडा.

वेदिकेला नकाब काढून हसता आलं असतं, तिने काढला नाही. ती टेबलाजवळ उभी राहिली आणि तिने पिशवी उघडली. तिच्या मागून काळ्या शर्टातला अमोल सॅक घेऊन आत गेला, धोंडीरामने त्याला मान डोलावून ओळख दाखवली.

अबोल मुलगा रस्त्याच्या मधोमध थांबला होता. त्याने कशिशकडे पाहिलं. ती कॅमेऱ्यातून डोळा काढत नव्हती.