सगळ्यात मागे प्रमोददादा

प्रमोददादाला डासाने नेलं.

घोडबंदर रोडच्या ट्रकांना सहा वर्षं पुरून उरलेला माणूस. डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत संपला.

आज वर्ष झालं. मी अजून चिडलेलीच आहे, त्यामुळे ही पोस्ट गोडगोड होणार नाही. आधीच सांगून ठेवते.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: दादा जुन्या भाईंदरचा कोळी. भाईंदर पूर्वेला एसी-फ्रिज रिपेअरिंगचं दुकान. दर रविवारी सकाळी दादा, हितेश, निलोफर आणि मी सायकली घेऊन सिल्व्हर पार्कला जमायचो. वरसाव्यावरून गायमुखचा चढ चढायचा आणि परत.

चौघांत सगळ्यात दमदार दादा. आणि कायम सगळ्यात मागे तोच.

तसा त्याने नियमच केला होता. ज्याच्यात दम जास्त, त्याने शेवटी राहायचं.

सगळ्यात स्लो मी. म्हणजे सहा वर्षं तो माझ्याच मागे.

मी म्हणायचे, "दादा, माझ्यामुळे तुझी राइड वाया जाते रे."

"चल गो बाय तू. आपल्याला घाई न्हाय."

चढावर पाय टेकला की मला रडू यायचं. तर म्हणायचा, "ढकलत ने. लाज कसली त्यात? फक्त गाडीत बसायचं न्हाय."

मग श्रीलंकेचं ठरलं. कँडीहून चहाच्या मळ्यांमधून वर नुवारा एलियापर्यंत, सायकलवर. दादाचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट. फ्रिज दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो काढून दाखवायचा.

निघायच्या चार महिने आधी गेला.

मी सायकल विकायला काढली. खरंच. दादाच्या बायकोच्या, वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून झापलं.

"तिकीट काढलंस ना? मंग जा. तू घरात बसून तो परत येणार हाय का?"

गेले. पण मनाशी पक्कं करून. हा चढ सायकलने झाला तर सायकल ठेवायची. गाडीत बसायची वेळ आली तर परत जाऊन विकून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी खरा घाट लागला. हितेश आणि निलोफर नेहमीसारखे पुढे गेले. एका वळणावर रस्त्याला दोन फाटे फुटले. मी उताराचा घेतला.

आता हसाल, पण ऐका. मी रस्ता चुकले की मागून दादाची हाक यायची. सहा वर्षांची सवय. हाक आली नाही म्हणजे आपण बरोबर चाललोय, असं धरून मी खाली उतरत गेले.

रस्ता एका चहाच्या फॅक्टरीच्या गेटवर संपला.

मी मागे वळून म्हटलं, "दादा, चुकलो वाटतं."

मागे कुणीच नव्हतं.

तिथेच रस्त्यात फतकल मारून रडले. फोनला रेंज नाही. गेटवर एक रिक्षावाला होता. त्याने आधी पाणी दिलं, मग म्हणाला, "मॅडम, बिग हिल. सायकल ऑन टॉप. कम."

मनापासून सांगते, एक पाय रिक्षात ठेवलाही होता.

काढला. त्याला थँक्यू म्हटलं आणि सायकल वळवली.

उतरायला दहा मिनिटं लागली होती, चढायला तासाच्या वर गेला. अर्ध्याहून जास्त सायकल ढकलतच आणली, खोटं कशाला सांगू. वाटभर दादाला शिव्या घातल्या. मोठमोठ्याने. चहा खुडणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या. बघू देत म्हटलं.

वर फाट्यावर हितेश आणि निलोफर मला शोधत परत आले होते. हितेशचा चेहरा पांढराफटक.

"मेरे को लगा," तो म्हणाला, "तू दादा के साथ है."

आणि तोंड झाकून रडायला लागला. हॉस्पिटलपासून स्मशानापर्यंत सगळं धावून धावून करणारा हितेश. तेव्हा त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. निलोफरने त्याला जवळ घेतलं आणि तीही रडली. चार महिने झाले होते, आणि आम्हा तिघांनाही दादा गेलाय हे त्या फाट्यावर कळलं.

मग हितेशने पिशवीतले ठेपले काढले. एकही उरला नाही.

निघताना तो म्हणाला, "अब से पीछे मैं रहूँगा."

मी म्हटलं, "नहीं. पीछे मैं."

"पागल है क्या? तू सबसे स्लो है."

"इसीलिए. पीछे वाले को क्या लगता है, मेरे को मालूम है. तुम दोनों बस दिखते रहना."

संध्याकाळी तिघंही नुवारा एलियाला पोचलो. सायकलवर. त्या दिवसापासून मागे मीच असते.

आता ग्रुपमध्ये एक रिटायर्ड अंकल येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या रविवारी गायमुखला वैतागून म्हणाले, "मॅडम, आप पीछे रहते हो तो मेरे को प्रेशर आता है." मी चार हात आणखी मागे झाले. पण मागची जागा सोडली नाही. शेवटी दोघं मिळून वर पोचलो, बाकीचे तोपर्यंत दोनदा चहा पिऊन बसले होते.

सायकल विकलेली नाही, दादा. विकणारही नाही.

वर्षभर रोज तुला परत बोलवत होते. आज नाही बोलवत.

तू हो पुढे. मागे मी आहे.