बसमध्ये कोण झोपलं होतं?

मी आज जो काही आहे तो शैला कारंडे बाईंमुळे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत त्या पी.टी. शिकवत. मैदानात बास्केटबॉलची रिंग एकाच टोकाला होती, दुसऱ्या टोकाला नुसता खांब. त्यामुळे आमचा संघ एकाच दिशेने खेळण्यात फार तरबेज होता.

घरातला पहिला पदवीधर म्हणून कॅनडाला निघालो, तेव्हा पेढे घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चॉकलेटं मागितली नाहीत. म्हणाल्या, "ती बसची गोष्ट आठवते ना? तिकडे कुणी माहीतगार भेटलं तर खरी का ते विचार. मी ती एका जुन्या मासिकात वाचली आणि वीस वर्षं पोरांना सांगत आले."

गोष्ट अशी. पैसे घेऊन खेळायचं बास्केटबॉल आधी गोऱ्यांचंच होतं. मग एकेक संघ धीर करून एखादा कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ लागला. अशाच एका फिरत्या संघाला हॉटेलवाल्याने सांगितलं, बाकीचे या, हा नको. तेव्हा अख्खा संघ त्या एकट्यासाठी बाहेर बसमध्ये झोपला.

मी ग्वेल्फच्या विद्यापीठात अन्नप्रक्रिया शिकतो. तिथे दही किती दिवस टिकतं हे सांगणारे पुष्कळ भेटले, बसचं कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी माझ्या रूममेटची बहीण ब्रिजेटताई मदतीला आली. ती मूळची वसईची, हॅलिफॅक्सला नर्स आहे. फोनवर म्हणाली, "माझी नेबर आहे ना, मिस ल्युसिल, तिचे डॅडी तसल्याच टीममध्ये होते. फेब्रुवारीच्या सुट्टीत ये तू, मी इंट्रोड्यूस करते."

विमान उतरलं तेव्हा हॅलिफॅक्स दिसलंच नाही. धुकं इतकं की धावपट्टी चाकं टेकल्यावरच कळली. विमानतळावर ब्रिजेटताईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय घातलंयस? हे जॅकेट आहे की उशीचा अभ्रा? चल, गाडीत बस आधी."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ताईचं घर खाडीपल्याड डार्टमथला. मी सकाळी एकटाच हॅलिफॅक्स बघून आलो. चढावरचे रस्ते, बंदरातली राखाडी युद्धनौका आणि इथला प्रसिद्ध डोनेअर (पोळीत गुंडाळलेलं मसालेदार मांस, वर दुधाळ गोड सॉस). मांसावर बासुंदी ओतावी तशी ती चव. निम्मा सॉस माझ्या स्वेटरने खाल्ला.

परतताना फेरीबोटीत कॉफीचा कप धरलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठून आलास?"

"ग्वेल्फहून. ओंटारिओ."

"अरेरे," तो मनापासून म्हणाला. "भारतीय दिसतोस, मला वाटलं चांगल्या ठिकाणाहून आला असशील."

दुपारी मिस ल्युसिलकडे गेलो. ऐंशी ओलांडलेल्या, सडपातळ, डोळ्यांत सतत काहीतरी मिश्कील. शनिवारी इथे जुन्या घरांतून भाजलेला घेवडा आणि ब्राउन ब्रेड करतात. त्या पावात चक्क आपली काकवी असते. मी तिसरा तुकडा उचलल्यावर त्या ब्रिजेटताईला म्हणाल्या, "तुझा पाहुणा स्वेटरलाही भरवतो वाटतं."

मग मी बसची गोष्ट सांगितली. बाई सांगत तशीच, हातवारे करून. माझी कल्पना, त्यांना फार आनंद होईल. ब्रिजेटताई छताकडे बघू लागली.

मिस ल्युसिल डोळे पुसेपर्यंत हसल्या. "म्हणजे ती भारतातही पोचली! माझ्या बाबांपेक्षा जास्त फिरली म्हणायची."

त्यांनी फ्रिजवरचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या वडिलांचं नाव आल्फ. ते त्यांच्या संघातले पहिले आणि एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू. वस्तीच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो लागणार होता, आणि खालचा मजकूर म्हणजे थेट आमच्या बाईंची गोष्ट. हॉटेल, नकार, संघ बसमध्ये. सोमवारी पाटी छापायला जाणार होती. मिस ल्युसिलनी सही केली नाही तर फोटो लागणारच नाही, असं समितीने नम्रपणे कळवलं होतं. या देशात सगळंच नम्रपणे कळवतात.

"सही का केली नाहीत?" मी विचारलं.

"कारण ते सगळे आत गेले." त्यांनी माझ्या ताटलीत आणखी घेवडा वाढला. "बस गार होती, पोरं दमलेली होती. बाबा बॅग घेऊन रस्त्यावर उभे. तीन गल्ल्या मागे मिसेस हॅटी राहायची, आमच्यातलीच, लोकांचे कपडे धुणारी विधवा. तिने दार उघडलं. बाबा तिच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ झोपले. सकाळी संघातली पोरं त्यांच्यासाठी अंड्याचं सँडविच घेऊन आली. बाबा म्हणायचे, सँडविच थंड होतं पण पोरांचे कान लाल होते."

"मग ती वाईट माणसं..."

"वाईट कशाला? चांगली होती. पण या कागदावर सगळा संघ हिरो झालाय, आणि हॅटी कुठे आहे?"

मी चमचा ताटलीत ठेवला. त्या गोष्टीने माझं फार भलं केलं होतं. कसं, ते मला तिथे सांगता येईना.

"तोंड का पडलं?"

"आमच्या बाई वीस वर्षं हे सांगतायत."

"मग कळव त्यांना. बाई आहेत ना? चूक दुरुस्त करणं हे त्यांचं रोजचंच काम." त्यांनी पेन पुढे केलं. "आणि तू पदवीधर ना? हा मजकूर मला सरळ लिहून दे."

मी लिहिलं, 'त्या कडाक्याच्या, निर्दयी थंडीच्या रात्री'. त्यांनी ते खोडलं. "थंडी वाचणाऱ्यांना माहीत आहे. इथेच राहतात." अशी माझी सगळी विशेषणं गेली. शेवटी उरलं ते एवढं: हॉटेलने आल्फ यांना जागा दिली नाही. संघ आत गेला. मिसेस हॅटी यांनी दार उघडलं. सकाळी सहकाऱ्यांनी सँडविच आणलं. त्या दिवशी ते सगळे मिळून खेळले आणि जिंकले.

"हरले," मिस ल्युसिल म्हणाल्या.

"हरले?"

"दणकून. बाबा धरून सगळे रद्दी खेळले. लिही."

समितीच्या अध्यक्षांना त्यांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला आणि मला मजकूर वाचायला लावला. पलीकडून अध्यक्ष म्हणाले,

"त्या खेळाडूंच्या घरच्यांना वाईट वाटेल, ल्युसिल."

"सँडविच लिहिलंय ना आम्ही. ते विसरलो नाही."

ब्रिजेटताईने माझा दंड घट्ट धरला होता. मग आवाज आला, "हॅटीचं पूर्ण नाव सांगतेस का?"

मिस ल्युसिलनी ते एकदाही न अडखळता सांगितलं आणि जुन्या कागदावर काट मारून नव्याखाली सही केली. मग उरलेला ब्रेड कागदात गुंडाळून मला दिला. "स्वेटरसाठी," म्हणाल्या.

ग्वेल्फला परतताना विमानात तो ब्रेड संपला. मी उत्तर घेऊन चाललो होतो, पण बाईंना ते सांगायचं कसं हे कळत नव्हतं. दहा दिवसांनी ब्रिजेटताईने हॉलमधल्या पाटीचा फोटो पाठवला. हॅटीचं नाव आल्फच्या नावाएवढ्याच अक्षरांत होतं. त्याच दिवशी कागद घेऊन बसलो आणि हे पत्र पोस्टात टाकलं.

आदरणीय बाईंना, सा. नमस्कार.

बसची गोष्ट विचारली. निदान मिस ल्युसिल यांच्या वडिलांच्या बाबतीत ती घडलेली नाही. संघ आत गेला. दार उघडलं ते हॅटी नावाच्या एका बाईने. पाटीचा फोटो सोबत आहे.

वाईट वाटून घेऊ नका. जिल्हा स्पर्धेच्या गावी आपण ज्यांच्याकडे जेवायला होतो, त्यांनी माझं आडनाव विचारून माझं एकट्याचं ताट ओसरीवर मांडलं होतं. तुम्ही हात धुवायला मागच्या दारी गेला होतात. सकाळी एसटीत तुम्ही बसची गोष्ट सांगितली होती, म्हणून सगळी पोरं ताटं उचलून माझ्याजवळ येऊन बसली. विज्याने तर दोन ताटं आणली, एक नुसतं भातासाठी. तुम्ही आलात आणि म्हणालात, "इथे वारा बरा आहे," आणि आमच्यातच बसलात. तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

हे मी आजवर आपल्या संघाची गोष्ट म्हणून सांगत आलो. त्यात एक माणूस राहिलं. त्या घरची सून आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांत आधी मला वाढलं, आणि आतून हाका येत होत्या तरी आमचं सगळ्यांचं होईपर्यंत ती हलली नाही. नंतर तिला किती बोलणी बसली असतील. मला तिचं नावही माहीत नाही.

बाई, तुम्ही मला पुष्कळ गृहपाठ दिलात, आता मी एक देतो. त्या गावच्या शाळेत तुमच्या ओळखीचे सर आहेत. त्यांना विचारून तिचं नाव कळवा. पूर्ण नाव.

आपला विद्यार्थी,
संदीप