मेसमधला फिरता कॅमेरा

दुपारच्या जेवणाची गडबड सरत आली होती. वरणाचं पातेलं उचलून आत न्यायला सिंधुताई वळल्या, तेवढ्यात डोक्यावर बारीक घर्र असा आवाज झाला. त्यांनी वर पाहिलं. भिंतीवरचा पांढरा कॅमेरा मान वळवत होता. वाढायच्या टेबलावरून तो हळूहळू खिडकीकडच्या बाकापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्या बाकावर मुखेडची तनुजा एकटीच जेवत बसली होती.

सिंधुताई पातेल्यासकट मधे जाऊन उभ्या राहिल्या. क्षणभर काही झालं नाही. मग कॅमेरा पुन्हा घरघरला, थोडा डावीकडं सरकला आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघू लागला.

त्यांनी पातेलं तिथंच बाकावर टेकवलं.

सिंधुताई शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन लातूरला आल्या. नवरा व्यंकट एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये कामाला लागला आणि सिंधुताई मन्मथअप्पांच्या मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायला. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लाससाठी गावोगावच्या पोरी लातूरला येऊन राहतात, त्यांतल्या तिसेक या वसतिगृहात असायच्या. पोळ्या लाटता लाटता सिंधुताई कुणाला ताप आलाय, कुणाचे पेपर खराब गेलेत, कोण रात्री उशीत तोंड खुपसून रडतंय, हे सगळं बघू लागल्या. दोन रेक्टरबाई टिकल्या नाहीत, तेव्हा अप्पांनी किल्ल्यांचा जुडगा यांच्याच हातात दिला. पोरी त्यांना काकू म्हणत. काकूंना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. दाराची कडी लावली तरी त्या परत जाऊन हात लावून बघत.

कॅमेरे बसवले तेव्हा त्यांनाही बरंच वाटलं होतं. आदल्या साली एक पोरगी न सांगता मैत्रिणीच्या गावी गेली आणि दिवसभर सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. तेव्हापासून पालकांनी धोशा लावला होता. अप्पांनी फाटकावर, व्हरांड्यात, अभ्यासिकेत आणि मेसमध्ये कॅमेरे लावले. मोबाइलवर ॲप घ्यायचं, पासवर्ड टाकायचा, की गावाकडं बसून पोरगी दिसते. पासवर्ड पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. वसतिगृहाचं नाव आणि पुढं एक दोन तीन. सगळ्यांना एकच.

त्या दुपारी सिंधुताई भांडी तशीच टाकून गंजगोलाईत अप्पांच्या दुकानात गेल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले मन्मथअप्पा स्टीलच्या घागरींच्या रांगेमागं बसले होते. त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"शरणार्थ अप्पा. मेसचा कॅमेरा आत्ता तुम्ही फिरवलालाव का?"

"मी कशाला फिरवू? गिऱ्हाईक हाय हितं."

"मग कोण फिरवलालंय?"

"कोण तरी पालक आसंल. आपली लेक कुठं बसली बघत आसतील. लेकरं ठिवलीत त्यांनी तुमच्याजवळ, बघू द्या की."

बोलणं खोटं नव्हतं. तरी परत येताना सिंधुताईंचं समाधान झालं नव्हतं. लेकीला बघणारा बाप मधे उभ्या बाईच्या खांद्यावरून असा वाकून बघेल का, हेच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. संध्याकाळी भाजी निवडताना त्या तीनदा उठून मेसच्या दारात आल्या. कॅमेरा भिंतीकडं तोंड करून गप्प होता. चौथ्यांदा आल्या तेव्हा तो दाराकडं वळलेला होता.

त्यानंतर तनुजा मेसमध्ये जेवेनाशी झाली. ताट घेऊन खोलीत जायची. मग ताट न्यायलाही दुसऱ्या पोरीला पाठवायला लागली. सिंधुताईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पिठाच्या डब्यावर बसवलं.

"काय दुखतंय का?"

"न्हाई काकू."

"मग जेवायला का येईनास?"

पोरींचे फोन दिवसभर सिंधुताईंच्या कपाटात असत, संध्याकाळी तासभर मिळत. तनुजानं आपला फोन मागितला, उघडला आणि तोंड दुसरीकडं करून काकूंपुढं धरला. अनोळखी नंबरावरून आलेले मेसेज होते. 'आज भाजी टाकून दिलीस.' 'केस धुतलेस वाटतं.' 'खिडकीपाशी का बसतेस, इकडं ये की.' सगळ्यात शेवटचा असा होता: 'त्या बाईला मधे उभं राहू नको म्हणून सांग.'

सिंधुताईंनी तो दोनदा वाचला. त्या बाईला म्हणजे त्यांना.

"घरी सांगितलंस?"

"नाव काढू नका काकू. बाबा उद्याच्या उद्या घेऊन जातील. परीक्षा बी देऊ द्यायचे न्हाईत. मला डॉक्टर व्हायचंय."

सिंधुताईंनी उठून उशांचे अभ्रे घेतले, स्टूल ओढलं आणि मेसमधला, अभ्यासिकेतला, व्हरांड्यातला असे तिन्ही कॅमेरे झाकून वरून सुतळी आवळली. खाली उतरेपर्यंत त्यांचा फोन वाजायला लागला. चित्र काळं का दिसतंय? लाइट गेली का? तिथं पोरी काय करून राहिल्यात? एका आईनं तर स्पष्टच विचारलं, तुम्हाला काय लपवायचंय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तनुजाचे वडील हणमंतराव मुखेडहून एसटीनं आले. शेतकरी माणूस, बोलायला तापट. चपला न काढताच ते मेसमध्ये आले आणि झाकलेल्या कॅमेऱ्याकडं बोट करून म्हणाले, "ताई, हे हाय म्हणून मी पोरीला इतक्या लांब ठिवलंय. हे कुणाला इचारून बांधलं?"

सिंधुताईंनी तनुजाकडं पाहिलं. सांगितलं तर पोरीचं शिक्षण जाईल, नाही सांगितलं तर तो माणूस बघतच राहील. रात्रभर हाच विचार करून त्यांना वाट सापडली नव्हती. शेवटी तनुजाच पुढं झाली आणि फोन वडिलांच्या हातात दिला.

हणमंतराव एकेक अक्षर लावत वाचत गेले. वाचून झाल्यावर त्यांनी चपला काढल्या, बाकावर बसले आणि फोन उलटा करून ठेवला. मग एवढंच म्हणाले, "सामान भर."

"भाऊ, सामान न्यायला मी आडवणार न्हाई," सिंधुताई म्हणाल्या. "पण आधी पोलिसात चला. बाकीच्या पोरी बी हितंच हायत."

सायबर पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्यानं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मन्मथअप्पाही आले होते. तिनं त्यांचा फोन मागितला, ॲप उघडलं आणि कुठल्या कुठल्या मोबाइलवरून कॅमेरे पाहिले जातात त्याची यादी काढली. बोटानं ती यादी वर सरकवत राहिली, तरी यादी संपेना.

"तुमच्याकडं मुली किती?"

"तीस," अप्पा म्हणाले.

"हे शंभराच्या वर फोन आहेत. पालकांना नुसतं बघायची वेगळी सोय देता येते. तुम्ही मालकाचंच खातं सगळ्यांना वाटलंय. ज्याच्याकडं तो पासवर्ड पोचला, तो कुठूनही कॅमेरा उघडणार, फिरवणार, आवाज ऐकणार."

"आवाज बी?" सिंधुताईंनी विचारलं.

"हो. आवाजही."

पोरी जेवताना काय काय बोलतात ते सिंधुताईंना आठवलं. त्या खुर्चीवरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या.

मग अधिकारीबाईंनी हणमंतरावांना विचारलं, "तुमच्या फोनवर ॲप कुणी टाकून दिलं?"

"मला कुठं येतंय त्यातलं. बाजारादिवशी मोबाइलच्या दुकानात दिला होता. चांगला पोरगा हाय, पाच मिंटात करून दिलं."

"फोन त्याच्या हातात दिला होता? कुलूप उघडून?"

"हाव."

बोलता बोलता हणमंतरावांचा चेहरा उतरला. तनुजाचा नंबर त्याच फोनमध्ये होता, तिचा फोटो लावून.

पुढच्या आठवड्यात कळलं, तो मोबाइलच्या दुकानातला पोरगाच निघाला. नंबर त्यानं दुसऱ्याच्या नावावरच्या सिमवर चालवला होता. ॲप टाकून देताना पासवर्ड आपल्याही फोनमध्ये घेतला आणि दुकानात रिकामा बसला की बघत बसायचा. मित्रांनाही दाखवलं होतं. पोलिसांनी त्याला धरलं, गुन्हा दाखल झाला. सिंधुताईंना वाटलं होतं की माणूस सापडला म्हणजे जीव भांड्यात पडेल. पण यादीतले बाकीचे फोन कुणाचे, त्यांतल्या कुणी काय बघितलं, काही साठवून ठेवलं का, हे सगळं कळेलच असं नाही, असं अधिकारीबाईंनी स्वच्छ सांगितलं. काही पालकांनी पासवर्ड भावाला दिला होता, काहींनी शेजाऱ्याला. ग्रुपमध्ये क्लास सोडून गेलेल्या पोरींचे मामे-काके अजून तसेच होते.

सिंधुताई घरी जेवायला बसल्या की मधेच ताट सरकवून उठत. व्यंकटला म्हणत, "आपल्या फोनचा पासवर्ड काय हाय? कुणाला दिलाय?" तो वैतागून म्हणे, "आगं, बटनाचा फोन हाय माझा."

वसतिगृहात मात्र त्यांनी अप्पांपुढं ठाम सांगितलं. कॅमेरा फक्त फाटकावर राहील, त्याचा पासवर्ड अप्पांकडं आणि त्यांच्याकडं, आणि तोही बदललेला. आत एकही नको. तिसऱ्या दिवशी अप्पा फिटरला घेऊन आले आणि आतले कॅमेरे उतरवले. भिंतीला पडलेली भोकं सिंधुताईंनी स्वतः पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. चार पालकांनी पोरी काढून नेल्या. जिथं दिसतं तिथं ठेवतो म्हणाले.

तनुजाही परत आली नाही. हणमंतरावांनी तिला मुखेडला नेलं होतं. सिंधुताईंनी रोज फोन लावला. ते उचलत, ऐकून घेत आणि 'बघू' म्हणत. शेवटी त्यांनी तिला नांदेडला मामाकडं ठेवलं, तिथल्या क्लासला घातलं. हे कळलं तशी सिंधुताईंनी तिची राहिलेली पुस्तकं आणि एक स्वेटर पिशवीत भरून नांदेडची एसटी धरली.

मामाचं घर एसटी स्टँडपासून ऑटोनं थोडं आत होतं. तनुजा वाळली होती, पण हसली. मामीनं चहा दिला. दोघी गच्चीत जाऊन बसल्या.

"अभ्यास व्हतोय का?"

"व्हतोय काकू. जेवताना आजून वर बघते मी. हितं काही न्हाई, माहीत हाय, तरी बघते."

"मी बी बघते," सिंधुताई म्हणाल्या.

थोड्या वेळानं तनुजानं विचारलं, "त्या बाकीच्यांचं काय झालं? यादीतल्या?"

सिंधुताईंना काहीतरी गोड बोलून तिची समजूत घालता आली असती. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुस्तकं तिच्या मांडीवर ठेवली. "माहीत न्हाई पोरी. पोलीस बघलालेत. मी महिन्याला जाऊन इचारते. जोवर जाता येतंय तोवर जाणार."

तनुजानं मान हलवली. या उत्तरानं तिला बरं वाटलं की नाही, सिंधुताईंना कळलं नाही. निघताना तिनं काकूंचा हात बराच वेळ धरून ठेवला.

जूनमध्ये नवीन पोरी यायला लागल्या. एके सकाळी अहमदपूरकडचा एक बाप लेकीला घेऊन आला. त्यानं खोली बघितली, पाणी बघितलं, मेसच्या भिंतींवरून नजर फिरवली.

"आत कॅमेरे न्हाईत का?"

"न्हाईत," सिंधुताई म्हणाल्या आणि का नाहीत ते त्यांनी पोरीसमोरच सगळं सांगितलं. बापानं नीट ऐकलं, 'बरोबर हाय तुमचं' म्हणाला आणि लेकीला घेऊन समोरच्या वसतिगृहाकडं निघाला. तिथं दारावर मोठी पाटी होती, चोवीस तास लाइव्ह बघा.

सिंधुताई त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. "भाऊ," त्यांनी हाक मारली, "तिथं पासवर्ड कुणाकुणाला देत्यात, तेवढं इचारून घ्या."

त्यानं मागं वळून हात वर केला आणि आत गेला. विचारलं की नाही, हे इकडून ऐकू येण्यासारखं नव्हतं. सिंधुताई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या, मग पदर खोचून त्या पाटीच्या दिशेनं रस्ता ओलांडू लागल्या.