सुधाताई बसल्या की वाजणारी गाडी

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत कुणाची गाडी कुरकुरू लागली, की हाक आधी विश्वासराव मोहित्यांना जाते आणि मग मिस्त्रीला. जन्मभर बसच्या डेपोत फिटर होते ते. बस फाटकातून आत येते न येते तोच "मागचं डावं चाक" एवढं म्हणून मोकळे व्हायचे, मग बाकीच्यांनी खोलून बघत बसायचं. डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त. श्रावणात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी सुनावलं होतं, "डोळे काय, तुमच्या समाधानासाठी करून घ्या. माझं काम कानांवर चालतं."

अशा माणसाच्या स्वतःच्या मोटरसायकलमधून आवाज यावा आणि तो कशाचा हे त्यालाच कळू नये! झालं तसंच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पाइप लावून धुतली, हारबीर काढून टाकले, आणि संध्याकाळी सुधाताईंना मागे बसवून भाजीला निघाले. गल्लीच्या तोंडाशीच मागच्या चाकातून सुरू झालं, टक टक टक. वेग वाढवला की टर्रर्र. खड्डा आला की आणखी जोरात.

"काय वाजून राहिलं हो?" सुधाताईंनी विचारलं.

"चेन असेल," विश्वासराव म्हणाले. पण चेन अशी वाजत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी त्यांनी चेन ताणली, तेल पाजलं आणि एकटेच एक चक्कर मारून आले. गाडी एकदम गप्प. खूश होऊन त्यांनी सुधाताईंना हाक मारली. त्या बसल्या आणि पुन्हा टक टक टक. त्या उतरल्या, बंद. बसल्या, सुरू. शेजारच्या विजयाबाई गॅलरीतून बघत होत्या. "सुधाताई, गाडी तुम्हाला ओळखते हो!" असं म्हणून त्या हसल्या. सुधाताई हसल्या नाहीत.

मग विश्वासरावांनी नातीला बसवलं. हर्षिता कॉलेजात जाणारी, काडीसारखी. तिला घेऊन ते पार नई सडकेपर्यंत जाऊन आले. चाक चकार शब्द बोललं नाही.

"आबा, गाडी तो एकदम मस्त आहे," हर्षिताने जाहीर केलं. "प्रॉब्लेम आजीचा आहे." आणि आजीचा चेहरा बघून ती जी घरात पळाली ती जेवायलाच बाहेर आली.

इथवर ठीक होतं. पण विश्वासरावांमधला फिटर आता जागा झाला होता, आणि फिटर जागा झाला की नवरा झोपतो. दुखणं वजनाचं आहे की बसणाऱ्याचं, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. त्यांनी कोठीतून गव्हाचं पोतं ओढत आणलं, सुधाताईंच्या जागेवर दोरीने आवळून बांधलं आणि गल्लीत चक्कर मारली. टक टक टक! ओट्याशी गाडी थांबवून ते विजयी मुद्रेने ओरडले, "सुधा, तुझा काही दोष नाही! पोतं ठेवलं तरी वाजते!"

सुधाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"मग आता पोत्यालाच फिरवा," त्या म्हणाल्या. "मी काही बसत नाही यापुढे. बाजारात ई-रिक्शा कमी आहेत का? गुडघे दुखतात, वजन वाढलं, आता गाडीलाही सहन होत नाही. झाली की एवढी वर्षं!"

त्या रागाने बोलल्या असत्या तर विश्वासरावांना चाललं असतं. त्या अगदी साधेपणाने बोलल्या, आणि तेच त्यांना लागलं. लग्न होऊन सुधाताई ग्वाल्हेरला आल्या तेव्हापासून मागची जागा त्यांची होती. गाड्या बदलल्या, जागा बदलली नाही. आणि कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. मराठी मंडळाच्या कोजागिरीला सुधाताईंच्या हातचा दुधाचा मसाला जायचा, आणि मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन त्या याच गाडीवरून जायच्या. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेलदोडे-केशर आणायला सुधाताई खरंच ई-रिक्शाने टोपी बाजारात गेल्या. विश्वासराव मागोमाग गाडी घेऊन निघाले. "मला इकडेच काम आहे," असं त्यांनी न विचारताच सांगितलं. सगळ्या रस्त्यात पुढे रिक्शा आणि मागे हे. रिक्शात सुधाताईंच्या शेजारी बसलेल्या बाई दोनदा वळून बघून म्हणाल्या, "बहनजी, ये आदमी कब से पीछे-पीछे आ रहा है."

"आने दो," सुधाताई म्हणाल्या. "पुरानी आदत है." पण पदराआड हसू आलं होतं, ते विश्वासरावांना दिसलं नाही. त्यांचं लक्ष चाकाकडे होतं. चाकातून काही ऐकू येत नव्हतं, आणि तो शांतपणा त्यांना अजिबात आवडला नाही.

कोजागिरीच्या दुपारी ते नाइलाजाने मधुसूदन मिस्त्रीकडे गेले. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची म्हणजे त्यांच्यासाठी नाक कापून घेणंच होतं. मधुसूदनने गाडी मेन स्टँडवर चढवली आणि चाक फिरवलं. गाडी गप्प. स्टँडवर चाक मोकळं लोंबतं, वजन येत नाही, त्यामुळे वाजणार तरी कसं! त्याने चाक काढलं, बेअरिंग बोटाने फिरवून बघितलं, ब्रेकचे शू पुसले. "बाबूजी, सब मक्खन है," तो म्हणाला.

तेवढ्यात विश्वासरावांच्या बोटांना टायरच्या काठावर काहीतरी लागलं. पिवळी भुकटी. साडी चाकात जाऊ नये म्हणून असते त्या जाळीच्या आतल्या अंगालाही तीच. त्यांचे डोळे चमकले.

"पितळ!" ते म्हणाले. "पितळेचा भुगा! आत काहीतरी झिजून राहिलंय!" बसच्या गिअरबॉक्समधून असा भुगा निघाला की ते अख्खा डेपो डोक्यावर घ्यायचे.

"बाबूजी," मधुसूदन डोकं खाजवत म्हणाला, "इस गाड़ी के पहिये में पीतल है ही कहाँ?"

"असेल कुठेतरी," असं म्हणून विश्वासरावांनी चाक बसवून घेतलं आणि गाडी घरी आणली. आता रात्रभर विचार करावा लागणार होता, आणि कोजागिरी तर आजच होती. हरल्यासारखे ते मोरीत हात धुवायला गेले. साबण लावला. बघतात तो पिवळी बोटं लालभडक!

"सुधा!" ते ओरडले. "रक्त!"

हातातला खलबत्ता तसाच टाकून सुधाताई धावत आल्या. त्यांनी नवऱ्याची बोटं धरली, उलटसुलट केली, वास घेतला.

"अहो, रक्त कुठलं? हळद आहे ही. साबण लागला की लाल होते. जन्मात कधी भांडी घासलीत तर माहीत असणार ना." आणि हे म्हणता म्हणताच त्या थांबल्या. बोटं त्यांच्या हातातच राहिली. "चाकाला लागली होती?"

"टायरला."

"अगं बाई," असं म्हणून सुधाताई मोरीच्या कट्ट्यावर बसल्याच.

मोहित्यांच्या घरात खंडेनवमीला शस्त्राला हळकुंड बांधायची चाल आहे. दक्षिणेतून शिपाईगिरी करत आलेलं घराणं, पूर्वी मोहिमेवर जाणाऱ्याच्या तलवारीच्या मुठीला बांधत असतील. तलवार केव्हाच चुलत घराण्यात गेली. आता पाटावर पाने-पेचकस अशी अवजारं आणि अंगणात मोटरसायकल. पण विश्वासरावांचा एक नियम होता, "जे बोल्टने बसवलेलं नाही ते गाडीचं नाही." दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी हळकुंड, लिंबू, मिरच्या, सगळं कात्रीने छाटायचे.

"म्हणून यंदा लपवून बांधलं," सुधाताई म्हणाल्या. "जाळीच्या आत, वर. दोरा चांगला दुहेरी घेतला होता हो. तुम्ही पाइप लावलात, भिजून सैल झाला असणार."

विश्वासरावांना सगळं एकदम दिसलं. गाडीवर एकटा माणूस असला की हळकुंड टायरच्या जरासं वर लोंबणार. मागे वजन बसलं की गाडी दबणार, चाक वर येणार, आणि हळकुंड टायरच्या कडेला घासणार. कान शंभर नंबरी होते, बघितलं तेवढं नव्हतं.

"पण यंदाच का लपवलंस?"

सुधाताईंनी पदराने त्यांची बोटं पुसली. "ऑपरेशननंतर तुम्ही पहिल्यांदा गाडी काढलीत ना, तेव्हा मला फार भीती वाटली. चालवू नका म्हणायला जीभ रेटेना. चालवू नका म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, आणि मग नुसते बसून राहिला असतात. ते मला बघवलं नसतं. म्हटलं, निदान हळकुंड तरी बरोबर राहू दे."

विश्वासराव पकड घेऊन अंगणात गेले आणि चाकाशी उकिडवे बसले. या वेळी कान बाजूला ठेवून डोळ्यांनी बघितलं. ग्रीसने काळा झालेला दोरा आणि त्याला अर्धं झिजलेलं हळकुंड. त्यांनी ते सोडवून घेतलं. सुधाताई दारातून बघत होत्या. आता हे कचऱ्यात जाणार, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं.

विश्वासरावांनी पेटी उघडली. एक छोटी पत्र्याची पट्टी शोधली, वाकवली, हळकुंड तिच्यात बसवलं आणि हॅंडलच्या खाली पुढच्या बाजूला बोल्ट लावून आवळलं. खाली वॉशर घातला. पुन्हा पान्याने एकदा ताणून बघितलं.

"झालं," ते म्हणाले. "आता गाडीचं आहे ते. चल, मसाला झाला का?"

"आणि माझं वजन?"

"सुधा, मागे वजन नसलं ना, तर चाक रस्ता धरत नाही. कालपासून मी फिरून राहिलोय, गाडी नुसती उडते. मला नाही आवडत."

सुधाताईंनी मसाल्याचा डबा बांधून घेतला. विजयाबाईंच्या गॅलरीकडे एकदा बघितलं, आणि विश्वासरावांच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या जागेवर बसल्या. गल्ली सोडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. समोर छतांवरून चंद्र वर यायला लागला होता. विश्वासराव सवयीने कान मागे लावून होते. चाकातून काही नाही. पहिला गतिरोधक आला.

"हळू घ्या हो," मागून ऐकू आलं.

विश्वासरावांनी गाडी हळू घेतली.