पाचवी मोटार आलापल्लीला

नागपूर सोडलं तेव्हा जुन्या मोटारींच्या मंडळाचे चार सभासद पुढे होते आणि मी सगळ्यांच्या मागे. वडिलांची कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी मोटार त्यांच्या माघारी मीच चालवत होते. मंडळात शिरायची अट एकच: आलापल्लीच्या सागवनापर्यंत मोटारीने स्वतःच्या बळावर जायचं. ओढली की बाद. बाईमाणसाला हे जमणार नाही याची चौघांना खात्री होती. मला जमेल याची मला होती.

चांद्याला कोटाच्या दारातच इंजीन तापलं. जमलेल्या लोकांची फुकटात करमणूक झाली, मी पाणी घातलं नि निघाले. पोंभुर्ण्याला एका घरी भात, लाखोळीची डाळ (इकडचं कडधान्य) आणि जवसाची चटणी मिळाली. लाज सोडून जेवले.

पुढे रस्ता वाळूच्या नाल्यात उतरला. काठावर एक वयस्कर शेतकरी बैलजोडी घेऊन उभे होते. मी थांबताच ते मोटारीला नाडा (जाड दोर) बांधू लागले.

"भाऊ, दोर नको."

"नको काऊन? पाव्हण्याची गाडी आमी नाल्यातून एकटी जाऊ देत नाई. समोरच्या चारी गाड्या याच बैलांनी ओढल्या."

मला हसू आवरेना. मी अट सांगितली.

"मंग दोर ढिल्ला ठेवतो. बैल नुसते समोर चालतीन. गावाचा बी मान राहीन, तुमचा बी."

मधोमध चाक रुतलं. दोर ताणला जाऊ नये म्हणून त्यांनी बैल जागीच थोपवून धरले. मी मोटार मागे घेतली, पुन्हा रेटली आणि काठावर चढले.

आलापल्लीच्या सागाखाली चहा घेताना मीच सगळं सांगून टाकलं. आपल्या मोटारी बैलांनी ओढल्याबद्दल मात्र चौघांनी चकार शब्द काढला नाही. "दोर बांधला म्हणजे बांधला," चौघांतले अध्यक्ष म्हणाले. "नागपूरला मतं घेऊ." मला भयंकर राग आला. नाल्यावरच्या त्या अनोळखी माणसाला माझी बाजू लगेच कळली होती.

नागपूरला परतल्यावर बैठक बसली. अध्यक्षांनी मतं मागितली.

"जरूर घ्या," मी म्हटलं. "फक्त ज्यांची मोटार बैलांनी ओढली नाही, त्यांनीच हात वर करावा."

चौघांचेही हात मांडीवरच राहिले. मी माझा निवांत वर केला.