हात लावू नये

किस्से CSSच्या फाइलीसारखे साचतात. जुनं कोणी काढत नाही, प्रत्येक जण खाली आपलं लिहून मोकळा होतो. आणि दोन नियमांचं भांडण लागलं, तर खाली लिहिलेलाच खरा धरतात. CSS म्हणजे वेबसाइटचं दिसणं ठरवणारी भाषा: रंग, अक्षरं, मोकळी जागा. अंधेरीच्या ऑफिसात हे काम दोघंच करायचो, मी आणि माझ्या दुप्पट वयाचे परबदादा.

*

नोकरी लागली तेव्हा आईने दहिसरला आमच्या मजल्यावर सांगितलं, "कॉम्प्युटरवर रंगकाम करते."

शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "आमचं किचन राहिलंय गं. रविवारी येशील?"

मी चिडून हे परबदादांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन ये. इथल्यापेक्षा लवकर अप्रूव्ह होईल."

*

एका क्लायंटला साइटचा पांढरा रंग पिवळट दिसत होता. परबदादांनी त्याचा फोन हातात घेतला, डोळ्यांना त्रास नको म्हणून चालू असलेलं पिवळ्या उजेडाचं सेटिंग गुपचूप बंद केलं आणि म्हणाले, "घ्या, केला पांढरा." क्लायंट खूश.

मला हे पटेना. खरं ते सांगायलाच हवं! पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं. त्याने नंतरचं काम दुसऱ्यांना दिलं.

"खरं बोललीस," परबदादा म्हणाले, "पण चार माणसांत कशाला गो?"

*

CSSमध्ये एखादा नियम बाकीच्यांवर लादायचा, तर त्याच्यापुढे '!important' लिहितात. घाई असली की मी ते सगळीकडे टाकायचे. परबदादांनी एकदा माझी फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली.

"आमच्या सोसायटीची मीटिंग वाटते," म्हणाले. "सगळेच इम्पॉर्टंट. पाणी कधी येणार, ते कोणालाच माहीत नाही."

*

ऑफिसच्या सगळ्या साइट्स परबदादांच्या एका जुन्या, जाडजूड फाइलीवर चालायच्या. तिच्यात जागोजागी शेरे: 'हात लावू नये.' मला ती अंधश्रद्धा वाटायची. कोड स्वच्छ हवा, यावर तेव्हा माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मी निम्मी फाइल उडवली आणि सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन दिलं. एका स्लाइडवर त्यांचा एक शेरा मोठा करून लावला. शेरा दोन ओळींचा होता. मावेना, म्हणून खालची ओळ कापली. ती मी वाचली होती की नाही, आता खरंच आठवत नाही.

सगळे हसले. परबदादाही हसले.

बॉस म्हणाला, "फाइल निम्मी झाली, तर माणसं दोन कशाला?"

महिन्याभरात परबदादा गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "जाडच झाली होती गो फाइल."

*

त्यानंतरची पहिलीच मराठी साइट मी केली, बोरीवलीच्या एका पोळीभाजी केंद्राची. चौथ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन.

"अगं, सकाळपासून गिऱ्हाइकं हसतायत. एक जण विचारतो, पऱ्या शाकाहारी आहेत ना?"

मी साइट उघडली. 'गरमागरम पऱ्या. प्लेटमध्ये सहा.' ओळीला खाली जागाच नव्हती. 'पु'चा उकार कापला गेला होता.

जुनी फाइल शोधून काढली. ओळींची उंची वाढवणारा तो नियम सापडला. त्याच्यावर, दोन ओळींत:

'हात लावू नये.
खालचे उकार कापले जातात. – परब'

नियम परत टाकला आणि परबदादांना फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा. त्यांना पुन्हा असं काम मिळालं नाही, दिंडोशीला मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात, एवढं ऐकून होते. मागे मशीनचा आवाज येतच होता. पऱ्यांचं सांगितलं, तर खो खो हसले.

मग मी म्हणाले, "दादा, तुमचा नियम परत टाकलाय. शेऱ्यासकट."

मशीन थांबलं.

"खालची ओळ पण?" त्यांनी विचारलं.