मनिलाची पदवी आणि करामाचं म्युझिक इन्स्टिट्यूट

इथे आखातात, करामा भागातल्या ज्या म्युझिक इन्स्टिट्यूटमध्ये माझी मुलगी तीन वर्षं पियानो शिकली, त्याच्या मालकाबद्दल मला आजही चांगलं बोलता येत नाही. माणूस आपल्याकडचाच, मुंबईचा. सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सर्टिफिकेटं फ्रेम करून भिंतीवर कुठे लावायची ते अचूक कळायचं.

पहिल्या दिवशी एका ठेंगण्या, चाळिशीच्या फिलिपिनो बाईकडे मी ॲडमिशनचा फॉर्म मागितला. तीच पियानो टीचर निघाली. मी मालकाला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी युरोपियन नाही का?" हे मीच विचारलं होतं. ते लपवून त्याला नावं ठेवणं बरं नाही.

"मॅडम, ही पण शिकलेली आहे हां," तो म्हणाला.

म्हणे "पण"! बाई मनिलाच्या विद्यापीठात पाच वर्षं संगीत शिकली होती. प्रत्येक सत्राअखेर परीक्षकांसमोर एकटीने वाजवायचं, शेवटच्या वर्षी तासाभराचा संपूर्ण कार्यक्रम करायचा, तेव्हा कुठे पदवी. हे तिने मला वर्षभराने, मी विचारल्यावर सांगितलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

पहिला महिना तिने मुलांना पियानोला हात लावू दिला नाही, नुसतं एकत्र गायला लावलं. "आमच्या गावात चर्चमध्ये सगळे आधी गातात, मॅम. कान तयार झाला की बोटं येतात." पालकांच्या ग्रुपवर लगेच कुरकुर: गाणं काय, ही लोकं कराओकेतही गातात, ग्रेडची परीक्षा कधी? मुलांना संगीत यावं असं त्यांच्यापैकी कुणाला वाटत होतं, असं मला एकदाही दिसलं नाही.

मग ॲन्युअल शो आला. मालकाने हॉटेलात गाणारा एक गोरा माणूस आणला आणि पत्रिकेत त्याचा पानभर फोटो छापला, खाली "म्युझिक डायरेक्टर". आमच्या टीचरचं नाव कुठेच नव्हतं. पियानोसकट तिला विंगेत, पडद्याआड बसवलं. स्टेजचा लूक बिघडतो म्हणे.

गोरा दुसऱ्या कडव्यात अर्धा सूर घसरला. विंगेतून तिने अख्खी साथ त्याच्या सुरावर आणून ठेवली, कुणाला पत्ताही लागू न देता. पुढे मुलांचा कोरस झाला. डायरेक्टर साहेब पुढे उभे राहून हात हलवत होते आणि एकजात सगळी मुलं त्यांच्या खांद्यावरून विंगेकडे बघत होती.

"मम्मा, ही वॉज फ्लॅट, सूर खाली गेला त्याचा," घरी निघताना मुलगी म्हणाली. बाकीचे पालक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते.

मी विंगेत गेले. "मी मालकाशी बोलते," म्हटलं.

"नको मॅम. आमच्या कॉलेजात याला दुसऱ्या ओळीला 'थँक यू' म्हणून बाहेर पाठवलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता, शुद्ध तुच्छता होती. मला ती फार आवडली.

पुढच्या टर्मला मालकाने तिचं पद "असिस्टंट" केलं. तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. "खलास," एवढंच म्हणाली. महिनाभरात तिला शारजातल्या एका शाळेत नोकरी लागली, आम्ही राहतो त्या अल नहदापासून जवळच. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तिने मुलांचा कॉयर, समूहगायनाचा वर्ग, सुरू केला. मी मुलीचं नाव करामातून काढलं. मालकाचा फोन आला, "मॅडम, आता रशियन टीचर आणतोय." मी "इन्शाल्ला" म्हणून फोन ठेवला.

कॉयरमध्ये तिने माझ्या मुलीला पहिल्या खेपेला घेतलं नाही. सहा महिने घरी गायला लावलं, मग उभं केलं, तेही मागच्या रांगेत. मुलगी रडली, मी पुढच्या शनिवारी तिला पुन्हा नेऊन सोडलं.

ग्रुपवरच्या एका बाईने परवा विचारलं, "अगं, ती फिलिपिनो बाई आमच्या मुलाला घेईल का?"

"आधी तो गातो कसा ते ऐकेल," मी म्हटलं.

"ती? आमच्या मुलाला पारखणार?"

"हो," म्हटलं, "आणि बहुतेक नापास करेल."